निर्णा आणि शब्दांचे सांधे

बीदर जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, जेथून थोड्याच अंतरावर कलबुर्गी जिल्ह्याचा चिंचोळी तालुका सुरू होतो, तेथे निर्णा हे गाव आहे. पूर्वी ते हुमनाबाद तालुक्यात होते. चिटगुप्पा हा नवा तालुका झाल्यावर त्याच्याकडे आले. सोलापूर-हैदराबाद हा जुना राजरस्ता हुमनाबादेवरून मन्नाएखेळ्ळीला येतो, आणि तो सोडून आत वळले म्हणजे निर्ण्याची वाट लागते. लाल माती, मधूनच काळ्या रेगडीचा पट्टा, पावसाळा सरताना पिवळ्या फुलांनी डवरलेली तूर, बांधावर एखादे चिंचेचे झाड. डोळे दिपवील असे येथे काही नाही. बीदरचा किल्ला, महमूद गवानचा मदरसा, बसवकल्याण, माणिकनगर ही प्रवासाच्या पुस्तकांत छापली जाणारी स्थळे सारी आजूबाजूला आहेत. निर्णा त्यांत नाही. तथापि ज्याला शब्दांची आवड आहे त्याला येथे पाहण्यापेक्षा ऐकण्यासारखे पुष्कळ आहे. त्या ऐकण्याविषयीच मला चार गोष्टी सांगावयाच्या आहेत, कारण महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या प्रत्येक मराठी घराशी त्यांचा संबंध आहे.

प्रथम गावाचे नावच घ्या. निर्णा. दोन अक्षरांचे, लहान मुलालाही लिहिता येईल असे नाव. देवनागरीत त्याचे तुकडे पडतात ते 'नि' आणि 'र्णा' असे. पण मोठ्याने उच्चारून पाहा : ते 'निर्' आणि 'णा' असे फुटते. रकार बोलताना पहिल्या तुकड्याचा, लिहिताना मात्र दुसऱ्याच्या डोक्यावर रफार होऊन बसलेला! कन्नड लिपीत याहून मौज आहे. तेथे या रकाराला 'अर्कावत्तु' म्हणतात आणि त्याची खूण पुढच्या व्यंजनाच्याही उजवीकडे काढतात. म्हणजे जो ध्वनी आधी ऐकू येतो त्याची खूण शेवटी. उर्दूत लिहावयाचे तर नून, रे, नून, अलिफ अशी अक्षरे ओळीने येतात; रकार आपल्या जागी नीट बसतो, पण 'नि'मधला ऱ्हस्व इकार सहसा लिहिलाच जात नाही. गाव एक, लिप्या तीन, आणि तिन्हींत त्याची जुळणी निराळी. शिवाय मराठी माणूस 'निर्णा' म्हणून थांबत नाही. त्याला तेथे जावयाचे असते, म्हणून तो 'निर्ण्याला' म्हणतो, आणि रकार, णकार, यकार अशी तीन व्यंजने एका दोरात ओवतो. तरी कान चुकत नाही. 'निर्-ण्या-ला' असे तीन खंड तो बिनचूक पाडतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. लिहिण्याचा तुकडा निराळा, उच्चाराचा तुकडा निराळा, आणि अर्थाचा तुकडा त्याहूनही निराळा. शब्द लहान असतो तोवर हा भेद खटकत नाही. शब्द लांबला, दोन-तीन शब्द एकात एक गुंतले, की कोठे तोडावे हा प्रश्न उभा राहतो.

या मुलखातील गावांची नावे म्हणजे त्या प्रश्नाची उदाहरणमालाच होय. हैदराबाद हे नाव अर्थाने 'हैदर' आणि 'आबाद' असे तुटते. जीभ मात्र ते 'है-द-रा-बाद' असे तोडते. हैदरातला शेवटचा रकार अर्थाने मागचा, उच्चाराने पुढचा. हुमनाबादेचेही तसेच. मन्नाएखेळ्ळी या नावात 'आ'ला लागून 'ए' येतो. शब्दाच्या पोटात दोन स्वर असे शेजारी शेजारी राहणे कन्नडला मुळीच रुचत नाही. म्हणून हा सांधा लांबूनच दिसतो, आणि मधला 'ए' फारसीतील इजाफतीसारखा भासतो. याच भागातील हळ्ळीखेड पाहा. 'हळ्ळि' म्हणजे कन्नडमध्ये खेडे, आणि 'खेड' तर आपलेच. मराठी आणि कन्नड शेजारणींनी एकाच गावाला आपापल्या परीने हाक मारावी आणि दोन्ही हाका मिळून नाव व्हावे, असे ते वाटते.

आणि कलबुर्गी? १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदरबारी हेच नाव आहे. त्यापूर्वी गुलबर्गा होते. फारसी जाणणाऱ्याच्या कानाला त्यात 'गुल' म्हणजे फूल आणि 'बर्ग' म्हणजे पान ऐकू आले. कन्नड माणसाला 'कल्लु' म्हणजे दगड ऐकू येतो, आणि ही खडकाळ भूमी असे तो सांगतो. जवळजवळ तेच ध्वनी. पण कोणत्या भाषेच्या कानाने ऐकले यावर एकाला तेथे फूल सापडते, दुसऱ्याला दगड! शब्द कोठे तोडावा हे कानावर अवलंबून, आणि कान घरात घडतो.

मराठी कान आणि कन्नड कान यांतला मुख्य भेद अकाराचा आहे. मराठीत शब्दाच्या शेवटचा अकार आपण लिहितो, पण बहुधा उच्चारीत नाही. 'घर' लिहितो, 'घर्' म्हणतो. 'मित्र', 'जन्म' यांसारखे जोडाक्षरान्त शब्द तेवढे सोडावयाचे. त्यांचा अकार टिकतो. आता समास झाला तरी पहिला शब्द आपली ही सवय टाकीत नाही. देव्-घर, राज्-कारण, लोक्-सभा, तूर्-डाळ. सांध्यापाशी अकार गिळला जातो आणि त्या किंचित् खटक्यावरून शब्द कोठे संपला ते ऐकणाऱ्याला कळते. लेखनात हा खटका कोठेच नाही, तो केवळ जिभेवर आहे. कन्नडमध्ये असे होत नाही. तेथे लिहिलेला प्रत्येक अकार बोलला जातो. आपण 'बसव्-कल्याण्' म्हणतो. कन्नड माणूस 'ब-स-व-कल्-या-ण' असे सारे स्वर मोकळे ठेवून म्हणतो. आपले माणिक्-नगर् त्याच्या तोंडी 'मा-णि-क-न-ग-र' होते. कलबुर्गीतही कन्नडचे खंड पाच, क-ल-बु-र-गि. आपण एक अकार गिळून आणि एका रकाराचा रफार करून तिनांत आटोपतो, कल्-बुर्-गी.

मग कन्नडमध्ये सांधा ओळखावा कसा? त्या भाषेने आपली वेगळी खूण ठेवली आहे. तिच्या व्याकरणात लोप, आगम आणि आदेश असे देशी संधीचे तीन प्रकार सांगतात. 'ऊरु' म्हणजे गाव आणि 'अल्लि' म्हणजे मध्ये. 'ऊरल्लि' होताना उकार लोपला. 'मने' म्हणजे घर. 'मनेयल्लि' होताना मध्ये यकार आला. आणि 'हळे', म्हणजे जुने, याला 'कन्नड' जोडले की 'हळगन्नड' होते; सांध्यावर ककाराचा गकार झाला. 'मळे' म्हणजे पाऊस, 'काल' म्हणजे काळ. दोन्ही मिळून 'मळेगाल', म्हणजे पावसाळा. येथे थोडे थांबून आपल्या 'हिवाळ्या'कडे आणि 'उन्हाळ्या'कडे पाहा. ते हिमकाल आणि उष्णकाल यांचे झिजलेले अवतार. कन्नडने 'काल'चा 'गाल' केला. मराठीने ककार पार झिजवून 'आळा' तेवढा ठेवला. एकाच शब्दाला दोन घरांत दोन प्रकारचे सांधे मिळाले. कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड हेही असेच. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट ती हीच. 'मान्य' आणि 'खेट' यांचा सांधा शतकानुशतके घासून आज इतका गुळगुळीत झाला आहे, की सांगितल्यावाचून तो दिसत नाही.

दहावीच्या परीक्षेच्या कामानिमित्त माझे निर्ण्याला चार दिवस राहणे झाले. आम्हां शाळामास्तरांना पाट्या वाचण्याचे व्यसन असते. कन्नड शाळेत ज्या दारावर 'मुख्योपाध्याय' लिहिलेले असते, त्याच दारावर मराठी शाळेत 'मुख्याध्यापक' असते. माणूस तोच, पगार तोच, खुर्चीही तशीच मोडकी! पण एका भाषेने 'मुख्य' शब्दाला 'उपाध्याय' जोडला आणि अकार-उकारांचा ओकार झाला. दुसरीने 'अध्यापक' जोडला आणि दोन अकारांचा आकार झाला. संस्कृतच्या एकाच कोठारातून दोघी बहिणींनी दोन दागिने निवडले. जिल्ह्याच्या गावी 'जिल्हाधिकारी' भेटतात, कन्नडमध्ये 'जिल्लाधिकारि'. त्यातला 'जिल्हा' अरबी, 'अधिकारी' संस्कृत, आणि सांधा पाणिनीच्या नियमाने घातलेला. पण सर्वांवर कडी करणारी पाटी तालुक्याच्या गावी दस्तऐवजांच्या कचेरीवर असते : 'उपनोंदणाधिकारि'. मराठीत ज्याला आपण दुय्यम निबंधक म्हणतो तो हा अधिकारी. 'उप' संस्कृत, 'अधिकारी' संस्कृत, आणि मध्ये आपली मराठी 'नोंदणी' मांडी घालून बसलेली! नियमाने पाहता ईकारापुढे अकार आला म्हणजे 'नोंदण्यधिकारी' व्हावयाचे. पण लोकांच्या जिभेने तो काटा काढून टाकला. तेराव्या शतकात केशिराजाने 'शब्दमणिदर्पण' हा कन्नडचा व्याकरणग्रंथ रचला. संस्कृत आणि कन्नड शब्दांच्या अशा मनमानी समासाला त्या परंपरेत 'अरिसमास', म्हणजे शत्रूंचा समास, असे नाव आहे. पूर्वीपासून रूढ झालेल्यांना तेवढी सूट. पाट्या रंगविणाऱ्यांनी मात्र शत्रूंचे केव्हाच सोयरे करून टाकले आहेत.

आता ज्या प्रसंगामुळे हे सारे लिहावेसे वाटले त्याकडे येतो. त्यासाठी थोडा इतिहास लागेल. १९५६ पूर्वीचा बीदर जिल्हा हैदराबाद संस्थानातला, त्रिभाषिक. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण, औराद म्हैसूर राज्यात आले, जे १९७३ पासून कर्नाटक झाले. सीमा कागदावर आखली गेली. सोयरिकी जेथल्या तेथेच राहिल्या. त्यामुळे आजही निर्ण्याच्या मराठी घरी उदगीरकडची लग्नपत्रिका येते.

अशीच एक पत्रिका मी ज्यांच्या घरी उतरलो होतो तेथे आली. घरात सत्तरी ओलांडलेली आजी. तिला अक्षरओळख नाही, पण ओव्या आणि म्हणी शेकड्यांनी पाठ. तिची नात आठवीत, कन्नड शाळेत, वर्गात हुशार. देवनागरी ती शाळेत हिंदीच्या तासाला शिकली आहे. आजीने पत्रिका तिच्या हाती दिली आणि म्हणाली, "वाच गं, मोठ्यानं वाच. गुरुजीबी ऐकतील."

मुलीने वाचावयास आरंभ केला. एकही अक्षर चुकले नाही. 'कुलदेवता' हा शब्द तिने 'कु-ल-दे-व-ता' असा पाचही स्वर मोकळे ठेवून वाचला. आजीने कपाळाला आठ्या घातल्या. पुढे आला 'गोरजमुहूर्त'. मुलीने वाचले, 'गो-र-ज-मु-हूर्-त'.

"कोण गोरजा?" आजी म्हणाली. "नवरीचं नाव तर येगळं हाय!"

"आज्जी, असंच लिहिलंय बघ," मुलगी रडवेली होऊन म्हणाली. आणि ते खरेच होते. लिहिले होते तसेच तिने वाचले होते.

मी तिच्याजवळ जाऊन त्या शब्दावर बोट आडवे धरले. आधी 'गो' उघडा ठेवला, मग 'रज', मग 'मुहूर्त'. "रज्," मी म्हणालो, "जकारावर थांब. पुढे नवा शब्द आहे." तिने पुन्हा वाचले, "गो-रज्-मुहूर्त." आजीचा चेहरा उजळला. "अगं, गोरज् म्हण की! सांजच्याला गाई गावात येत्यात, धूळ उडती, ती येळ." 'रज' म्हणजे धूळ हे आजीला कोणी शिकवले नव्हते. शब्दाचा अर्थ तिने दिला, सांधा मी दाखविला, अक्षरे मुलीची होती. तिघे मिळून एक शब्द वाचला.

पुढे आणखी मौज झाली. पत्रिकेत 'सीमांतपूजन' होते. मुलीने ते ठीक वाचले, आजी म्हणाली, "श्रीमंतपूजन म्हण." मराठी घरांतून हा शब्द असाच रूढ झाला आहे, आणि जावयाचा थाट पाहता त्यात कोणाला वावगेही वाटत नाही. पण या वेळी नातीचे अक्षर खरे आणि आजीचा कान चकलेला. सीमा आणि अंत. गावाच्या शिवेवर वराचे स्वागत करावयाचे, म्हणून सीमांतपूजन. सांधा कोठे आहे याचा विसर पडला, शब्द दुसऱ्याच शब्दासारखा ऐकू येऊ लागला, आणि शिवेची जागा श्रीमंतीने घेतली. मी तसे सांगताच आजी क्षणभर गप्प राहिली, आणि म्हणाली, "खरंच की. आमच्या लग्नात वराड शिवंवरच थांबलं हुतं."

वाचकहो, सीमेवर राहणाऱ्या घरात हा शब्द असा उलगडावा याचे मला विशेष वाटले. पण त्याहून अधिक मनात राहिली ती आधीची गोष्ट. अक्षर न् अक्षर बरोबर वाचले असता, ज्या आजीची ती भाषा, तिलाच शब्द ओळखू येऊ नये! आपण म्हणतो, मुले मराठी शब्द विसरली. निर्ण्याला मी पाहिले ते निराळे होते. त्या मुलीला 'कुल' ठाऊक होते, 'देवता' ठाऊक होती; हरवला होता तो दोहोंमधला खटका. भाषा ओहोटीला लागते तेव्हा शब्दांच्या आधी तिचे सांधे निखळतात, असे मला वाटते. सांधे निखळले की शब्द पानावर जसाच्या तसा दिसत राहतो, पण तो कानाचा राहत नाही.

आपल्या भाषेत लांब शब्द केवळ संस्कृत समासांनीच होतात असेही नाही. त्याच मुलीला मी दुसरे दिवशी एक शुद्ध घरगुती शब्द लिहून दिला : 'गावाबाहेरच्यांनासुद्धा'. पाहून ती घाबरली. मग आम्ही उजवीकडून एकेक पदर सोडला. 'सुद्धा' काढले, 'ना' काढले, 'च्यां' हे 'च्या'चे अनेकवचन, राहिले 'बाहेर' आणि 'गावा', आणि त्याच्या आत मूळचे 'गाव'. मग तिला तिच्या शाळेतला कन्नड शब्द विचारला : 'मनेयल्लिद्दवरिगू', म्हणजे घरात असलेल्यांनासुद्धा. तो तिने चुटकीसरशी सोडविला : मने, मध्ये यकार, अल्लि, इद्द, अवरिगे, आणि शेवटी ऊ. "सर, दोन्ही सारखेच आहेत!" ती म्हणाली. खरेच आहे. मराठी आर्यकुळातली, कन्नड द्राविडकुळातली. पण नामापुढे एकावर एक डबे जोडीत जाण्याची रीत दोघींचीही. ज्या मुलाला कन्नड शब्द सोडविता येतो त्याला मराठी शब्द सोडविता येणार नाही असे मुळीच नाही. दुसरी भाषा ही पहिलीची वैरीण नव्हे. अरिसमास व्याकरणात असेल, मुलाच्या डोक्यात तो नसतो.

लांब शब्दांचे हे दुखणे आपल्यापुरतेच आहे असेही कोणी समजू नये. डॅनिश लोकांचे उदाहरण घेऊ. त्यांचा आपला संबंध वाटतो तितका दूरचा नाही. १६२० मध्ये त्यांनी तंजावूरच्या रघुनाथ नायकाशी करार करून तरंगंबाडी येथे ठाणे घातले, आणि १८४५ मध्ये ते इंग्रजांना विकले. मधल्या काळात तंजावूरला भोसल्यांचे राज्य आले, आणि त्या मराठी दरबाराशी डॅनिशांचा व्यवहार राहिला. तरंगंबाडी हे नावही समासच : 'तरंगम्' आणि 'पाडि', आणि अनुनासिकाच्या शेजाराने पकाराचा बकार झालेला. त्या डॅनिशांच्या भाषेत खेड्याला शब्द आहे 'लान्सब्यू'. त्यात 'लान्द' म्हणजे देश, 'ब्यू' म्हणजे वसती, आणि दोहोंच्या मध्ये सांधा म्हणून एक सकार. असे शब्द ते सलग लिहितात, दोनाचे तीन, तिनाचे चार होत जातात. ओळ संपताना शब्द तोडावयाची वेळ आली तर सांध्यावर तोडणे त्यांना इष्ट, आणि तो जोडसकार मागच्या तुकड्याबरोबर ठेवावयाचा. तोडण्या-जोडण्याने अर्थ कसा पालटतो पाहा : 'डान्स्क लेरर' हे दोन शब्द सुटे लिहिले तर डेन्मार्कचा रहिवासी असलेला शिक्षक, एकत्र लिहिले तर डॅनिश भाषा शिकविणारा शिक्षक, मग तो कोठलाही असो. बोलताना हा भेद आघाताने कळतो. समासात मुख्य आघात पहिल्या शब्दावर पडतो. आपला खटका आणि त्यांचा आघात, काम एकच.

आपल्याकडेही असा भेद थोडक्याने होतो. लग्नघरी 'आचार्यांना' बोलाविले तर पोथी उघडते, आणि 'आचाऱ्यांना' बोलाविले तर चूल पेटते. पहिल्यात रकार मागच्या खंडाशी जाऊन 'आ-चार्-यां-ना' होते. दुसऱ्यात तो पुढच्या खंडाशी राहून 'आ-चा-ऱ्यां-ना'. लेखनात केवढासा फरक! पैठणच्या सातवाहन राजाची गोष्ट तर 'कथासरित्सागरा'त आलीच आहे. जलक्रीडेत राणी म्हणाली 'मोदकैः'. तिला म्हणावयाचे होते 'मा उदकैः', म्हणजे पाणी नको. राजाने सांधा ओळखला नाही आणि मोदक आणविले. ती लाज त्याला इतकी झोंबली, की व्याकरण शिकल्यावाचून राहणार नाही असे त्याने ठरविले. आणि त्यासाठी शर्ववर्म्याने 'कातंत्र' व्याकरण सिद्ध केले अशी कथा आहे. एक संधी न सुटल्याचा तो परिणाम! राजाला हसावयाला राणी होती. आपल्या घरातील मुलांना कोणी हसू नये. त्यांना सांधा दाखवावा.

निर्ण्याहून पश्चिमेस बसवकल्याण. चालुक्य विक्रमादित्य सहावा (१०७६ ते ११२६) याच्या काळी, याच कल्याणीत विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर टीका लिहिली. वारसाहक्काच्या प्रश्नात पुढे शतकानुशतके भारताच्या बहुतेक भागात तिचाच आधार घेतला गेला. तिचे नाव 'मिताक्षरा'. मित आणि अक्षर; मोजक्या अक्षरांची. वडिलांचे शेत कोणाकडे जावे हे त्या ग्रंथाने सांगितले. भाषेचा वारसा कोणाकडे जावा याला मात्र दस्त नाही आणि उपनोंदणाधिकाऱ्याची मोहोरही नाही. तो कानाकडून कानाकडे जातो, आणि तोही मोजक्याच अक्षरांनी.

म्हणून माझी विनंती साधी आहे. तंजावूरला असा, इंदूरला असा, बडोद्याला असा की बीदरला, आपल्या घरी लग्नपत्रिका येत असतील. पत्रिका आली की ती मुलाच्या हाती द्यावी आणि मोठ्याने वाचून घ्यावी. घरात वडीलधारे माणूस असेल तर त्याला जवळ बसवावे, मग त्याला वाचता येत नसले तरी चालेल. लांब शब्द आला की अर्थाने आधी तोडावा, उच्चाराने मागाहून. बोट आडवे धरावे, आणि एकेक तुकडा उघडावा. 'आप्तेष्ट' आला तर आप्त आणि इष्ट वेगळे करून दाखवावे, 'साखरपुडा' आला तर साखर आणि पुडा. पंधरा मिनिटांचे काम आहे. यासाठी मराठी शाळा गावात असलीच पाहिजे असे नाही, पुस्तकही लागत नाही. लागतात ती तीनच माणसे : एक वाचणारे, एक ओळखणारे, आणि सांध्यावर बोट ठेवणारे.